बेशुद्धी मोजायची कशी?

समजा, शाळा सुटल्यावर नववीतला एक मुलगा आवारातल्या चिंचेवरून खाली पडला. डोके बाजूला, कानाच्या थोडे वर आपटले. मिनिटभर तो निपचित पडला. मग उठून बसला, नाव सांगितले, पाणी मागितले. सर्वांना हायसे वाटले. तरीही शिक्षकांनी त्याला रुग्णालयात नेले आणि तेथे रात्रभर देखरेखीसाठी ठेवून घेतले. रात्री नऊच्या सुमारास सिस्टर कामावरच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर, चार नंबरचा मुलगा जरा सुस्त वाटतोय."

सुस्त म्हणजे काय? दिवसभर दमलेला मुलगा रात्री नऊला झोपणारच. की कवटीच्या आत रक्त साठत चालले आहे? पहिली शक्यता खरी असेल तर त्याला झोपू द्यायचे. दुसरी खरी असेल तर तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचे, नाही तर तो हाती लागणार नाही. हा निर्णय घ्यायला त्या क्षणी वॉर्डात जो डॉक्टर हजर असतो, तो बहुधा अनुभवी तज्ज्ञ नसतो. तो निवासी डॉक्टर असतो. एमबीबीएस होऊन पदव्युत्तर शिक्षण घेणारा, पंचविशी-तिशीतला विद्यार्थीच म्हणा ना. त्याने 'सुस्त' या शब्दाचे काय करायचे, हे त्याला कसे शिकवतात, ते या लेखात पाहू.

बंद पेटीचे गणित

आधी मेंदूचे वेगळेपण लक्षात घ्यायला हवे. पाय मुरगळला तर घोटा सुजतो, कातडी ताणते. मेंदूला ही सोय नाही. प्रौढ माणसाची कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. तिच्यात तीन गोष्टी असतात : सुमारे ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मस्तिष्कमेरुद्रव, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती खेळणारे पाण्यासारखे स्वच्छ द्रव. यांतील एका गोष्टीचे आकारमान वाढले तर दुसऱ्या कशाचे तरी कमी व्हायलाच हवे. एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली हे तत्त्व मांडले आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी पुढे त्याला पुष्टी दिली.

कवटीत रक्त साठू लागले की प्रथम थोडे द्रव पाठीच्या कण्याकडे सरकते, शिरांतले थोडे रक्त बाहेर ढकलले जाते. त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही आणि रुग्ण बरा दिसतो. पण ही सवलत संपली, की पुढच्या थोड्याशा रक्तानेही दाब एकदम चढतो.

हे वर्गात अनुभवता येईल. सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज घ्या. दट्ट्या १० च्या खुणेवर ठेवून तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबत जा. १० वरून ९ वर यायला काहीच श्रम पडत नाहीत. ४ वरून ३ वर येताना अंगठा दुखू लागतो. बॉइलच्या नियमाने हिशेब केला तर पहिल्या मिलिलिटरला दाब ०.११ वातावरणाने वाढतो आणि ४ वरून ३ वर येताना ०.८३ वातावरणाने, म्हणजे साडेसात पट. कवटीत हवा नसते आणि तेथील कारणही वेगळे आहे. पण आलेखाचे वळण असेच असते. आधी बराच काळ जवळजवळ सपाट आणि नंतर एकदम उभे.

निरोगी प्रौढ माणूस आडवा असताना कवटीतील दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. तो २२ च्या वर गेला तर उपचार करावेत, असे डोक्याच्या गंभीर दुखापतींसाठीच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. दाब वाढला की काय होते? मेंदूत रक्त ढकलणारा दाब म्हणजे रोहिण्यांतील सरासरी रक्तदाब वजा कवटीतील दाब. रक्तदाब ९० आणि कवटीतील दाब १० असेल तर ८० उरतात. कवटीतील दाब ४० झाला तर ५० च उरतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो आणि साठा काहीच ठेवत नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

चिंचेवरून पडलेल्या आपल्या मुलाचे नेमके असेच होऊ शकते. कानाच्या वरचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. हाडाला तडा गेला तर ती फाटते आणि हाड व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. अशा काही रुग्णांमध्ये अपघातानंतर काही वेळ, कधी काही तास, माणूस अगदी ठीक असतो. तो आलेखाचा सपाट भाग! उभा चढ सुरू होण्यापूर्वीची पहिली सूचना कोणती, तर 'जरा सुस्त वाटणे'.

शब्दांचा घोळ

१९७० च्या सुमारास जगभरच्या रुग्णालयांत बेशुद्धीचे वर्णन करायला डझनावारी शब्द होते. आपल्याकडच्या गुंगीत, ग्लानीत, अर्धवट शुद्धीत, गाढ बेशुद्ध यांसारखेच. अडचण अशी की एकाची 'ग्लानी' ती दुसऱ्याची 'अर्धवट शुद्ध'. संध्याकाळी एका डॉक्टराने 'गुंगीत' लिहिले आणि रात्री दुसऱ्याने 'ग्लानीत' लिहिले, तर रुग्ण सुधारला की बिघडला? सांगता येत नाही.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे ही अडचण चांगली ओळखतो. एका तापमापीने सकाळी आणि दुसऱ्या तापमापीने संध्याकाळी तापमान घेतले, तर दोन्ही तापमाप्या आधी एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. नाही तर वाचनांतला फरक पदार्थाचा की तापमापीचा, हे कळत नाही. बेशुद्धीच्या बाबतीत मोजणारे उपकरण म्हणजे खुद्द माणूस. तेव्हा माणसेच एकमेकांशी जुळवून घ्यायला हवीत.

ग्लासगो येथील मज्जाशल्यचिकित्सक ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात यावर उपाय सुचवला. त्यांनी रुग्णाला काय 'झाले आहे' हे विचारणे बाजूला ठेवले. रुग्ण काय 'करतो' एवढेच पाहायचे ठरवले. तेही तीनच गोष्टींत.

डोळे : आपोआप उघडे असतील तर ४ गुण, हाक मारल्यावर उघडले तर ३, बोटाच्या टोकाशी दाब दिल्यावर उघडले तर २, मुळीच नाही तर १.

बोलणे : स्वतःचे नाव, ठिकाण, महिना नीट सांगितले तर ५, वाक्ये बोलतो पण गोंधळलेला आहे तर ४, सुटे शब्द ३, नुसते कण्हणे २, काहीच नाही १.

हालचाल : सांगितलेली कृती केली तर ६, मानेपाशी किंवा कपाळावर दाब दिल्यावर हात तेथवर नेला तर ५, हात पटकन मागे ओढून घेतला तर ४, हात सावकाश आणि विचित्र रीतीने छातीवर दुमडला तर ३, हात ताठ सरळ झाला तर २, काहीच नाही तर १.

हालचालीच्या मूळ पाच पायऱ्या होत्या. सहावी काही वर्षांनी वाढवली. आज बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ होते. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर अवस्था. हीच 'ग्लासगो कोमा मोजपट्टी'. हिला यंत्र लागत नाही, रक्ताचा थेंब लागत नाही. ती नर्सला वापरता येते आणि प्राध्यापकालाही.

सोपे दिसते, पण...

एवढे सोपे असेल तर शिकवायचे काय? पट्टी पाठ करायला पाच मिनिटे लागतात. वापरायला शिकायला महिने. १९९१ साली 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या एका अभ्यासात अनुभवी लोकांच्या नोंदी विश्वसनीय निघाल्या. नवख्यांच्या चुका मात्र मुख्यतः मधल्या पायऱ्यांवर होत्या. अगदी शुद्धीवरचा आणि अगदी गाढ बेशुद्ध, हे कोणालाही ओळखता येतात. निर्णय अडतो तो मधल्या रुग्णांपाशी.

काही खाचाखोचा पाहा. नवखा डॉक्टर रुग्णाच्या हातात आपली बोटे देतो आणि म्हणतो, "दाबा." रुग्ण दाबतो. सहा गुण? थांबा. तान्ह्या बाळाच्या तळहाताला बोट लावले की ते मूठ आवळते. मेंदूच्या काही इजांमध्ये मोठ्या माणसातही ही प्रतिक्षिप्त क्रिया परत येते. म्हणून "दाबा" नंतर "सोडा" असेही सांगायचे. सोडले तरच आज्ञा कळली. त्यापेक्षा "जीभ दाखवा", "दोन बोटे दाखवा" हे बरे.

आज्ञा कोणत्या भाषेत द्यायची? निवासी डॉक्टर अनेकदा परप्रांतातून आलेले असतात. धडगावच्या पाड्यावरून आलेल्या आजींना हिंदीत विचारले आणि त्या गप्प राहिल्या, तर तो मेंदूचा दोष नव्हे. त्यांना कळणाऱ्या बोलीत, नातेवाइकांना मध्ये घेऊन विचारावे लागते. तसेच ऐकू कमी येते का, गुंगीचे औषध दिले आहे का, हेही पाहायचे. घशात श्वासाची नळी असेल तर रुग्ण बोलूच शकत नाही. डोळे सुजून मिटले असतील तर उघडणार कसे? अशा वेळी १ गुण देणे चूक. 'तपासता आले नाही' असेच लिहायचे. शून्य वाचन आणि वाचन न घेणे यांतला फरक प्रयोगवहीतही आपण मुलांना शिकवतोच.

तिसरी गोष्ट बेरजेची. ४ × ५ × ६ म्हणजे १२० वेगवेगळ्या अवस्था केवळ १३ बेरजांत कोंबल्या जातात. डोळे २, बोलणे २, हालचाल ५ याची बेरीज ९. डोळे ४, बोलणे १, हालचाल ४ याचीही ९. दोन्ही रुग्ण सारखे नव्हेत. म्हणून तिन्ही आकडे वेगळे लिहायचे आणि शेजारी वेळ लिहायची. एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक बोलते. आपला मुलगा सहा वाजता १५ वर होता. नऊ वाजता हाक मारल्यावरच डोळे उघडतो आणि महिना चुकीचा सांगतो, म्हणजे ३, ४, ६ असे १३. ही दोन गुणांची घट झोपेची म्हणून सोडून देता येत नाही. आता 'सुस्त' या शब्दाला अर्थ आला. आता स्कॅन काढायचा.

हे शिकवण्याची पद्धत साधी आहे. वरिष्ठ आणि शिकाऊ एकाच रुग्णाला एकाच वेळी तपासतात, आकडे न बोलता कागदावर लिहितात आणि मग ताडून पाहतात. फरक पडला तर परत रुग्णापाशी जातात. पुस्तकाकडे नव्हे.

पहिला तास

पाहणे जमले की करणे येते. वरिष्ठ घरून निघून पोहोचेपर्यंतची वेळ निवासी डॉक्टरची असते. येथेही यादी घोकून घेण्यापेक्षा बंद पेटी डोळ्यांपुढे ठेवायला शिकवतात : पेटीतले काय कमी करता येईल?

पलंगाचे डोके सुमारे ३० अंश वर करा आणि मान सरळ ठेवा, म्हणजे शिरांतले रक्त उताराने खाली येईल. श्वासमार्ग मोकळा आहे ना पाहा, कारण कर्बवायू साठला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पेटीतले रक्त वाढते. मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे द्रावण शिरेतून द्या. ते परासरणाने मेंदूतील पाणी रक्तात ओढून घेते. आठवीतल्या परासरणाच्या प्रयोगात बटाट्याच्या फोडीतून मीठ पाणी ओढते, तेच येथे घडते. आणि साठलेले रक्त काढायचे तर शल्यचिकित्सक हवाच.

पण प्रत्येक उपायाला मर्यादा आहे आणि तीही शिकावी लागते. कृत्रिम श्वासाचा वेग वाढवून कर्बवायू खाली आणला की रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब उतरतो. फार खाली आणला तर त्या इतक्या आकसतात की मेंदूच उपाशी राहतो.

सर्वांत फसवी गोष्ट रक्तदाबाची. कवटीतला दाब फार वाढला की रुग्णाचा रक्तदाब चढतो आणि नाडी मंद होते. हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगांनी हे दाखवले. नवख्याला वाटते, रक्तदाब वाढलाय, औषध देऊन उतरवू. पण तो वाढलेला रक्तदाब म्हणजे गुदमरलेल्या मेंदूने केलेली शेवटची धडपड असते. ९० वजा ४० हे गणित आठवा. पहिला आकडा आपणच खाली आणला, तर उरणार काय?

अशा प्रसंगांचा सराव आता पुतळ्यांवर करून घेतात. संगणकाने चालणाऱ्या पुतळ्याची नाडी, श्वास, रक्तदाब बदलता येतो आणि चूक झाली तर कोणी मरत नाही. 'न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटी' या संस्थेने २०१२ साली या पहिल्या तासासाठी खास पाठ्यक्रमही तयार केला. मात्र हात मागे ओढणे आणि हात विचित्र रीतीने दुमडणे यांतला बारीक फरक शिकायला रुग्णाची खाटच लागते.

विद्यार्थ्यांच्या हातांनी

अतिदक्षता विभाग ही कल्पनाच मज्जासंस्थेच्या एका आजारातून आणि विद्यार्थ्यांच्या हातांतून जन्मली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. बीअर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑगस्टअखेर एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. पण इतकी यंत्रे आणायची कोठून? सुमारे १५०० विद्यार्थी बोलावण्यात आले आणि ते पाळीपाळीने, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. पुढे मृत्यूंचे प्रमाण चारात एकाच्या आसपास उतरले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अशा रुग्णांसाठी कायमचा विभाग सुरू केला.

पिशवी दाबणाऱ्या विद्यार्थ्याची पाळी संपली की दुसरा येई, आणि एकही श्वास चुकवून चालत नसे. आज पिशवीच्या जागी यंत्र आहे. पण पाळी बदलतेच आणि धोका तेथेच असतो. "चार नंबर ठीक आहे" एवढे सांगून एक डॉक्टर गेला, तर दुसऱ्याने बदल ओळखायचा कशावरून? म्हणून निरोप देण्याचेही शिक्षण द्यावे लागते : रुग्ण किती गंभीर, आजवर काय झाले, काय करायचे आहे, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे. शेवटी ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. अमेरिका आणि कॅनडातील नऊ ठिकाणच्या बालरुग्ण विभागांत निवासी डॉक्टरांना अशी पद्धत शिकवली, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते.

'अजून सांगता येत नाही'

दाराबाहेर आईवडील उभे असतात. "वाचेल ना हो?" हा प्रश्न बहुधा निवासी डॉक्टरलाच विचारला जातो. येथे शिकावी लागते ती थांबण्याची शिस्त. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णाबाबत निदान ७२ तास तरी भाकीत करू नये, असे आज मानतात. लवकर आशा सोडली की उपचारही सैल पडतात, आणि मग भाकीत खरे ठरले असे वाटते.

याच्या दुसऱ्या टोकाला मेंदूस्तंभाचा मृत्यू. छाती हलते आहे, हृदय धडधडते आहे, आणि तरी माणूस गेलेला आहे. आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने याला मान्यता मिळाली. तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात आणि गोव्यात लागू झाला. त्यासाठी चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासण्या कराव्या लागतात आणि निदान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा कराव्या लागतात. एका माणसाच्या एका वेळच्या पाहण्यावर एवढा मोठा निर्णय सोपवायचा नाही, हे कायद्यानेही मानले आहे. शिकाऊ डॉक्टर या मंडळावर नसतो. पण त्याने बाजूला उभे राहून पाहावे, आणि घरच्यांना ते कसे सांगितले जाते तेही ऐकावे, अशी अपेक्षा असते.

मैदानावर आपण

आता पुन्हा चिंचेखाली येऊ. डोके आपटलेले मूल लगेच उठून बसले, तरी निर्धास्त होऊ नये. तो आलेखाचा सपाट भाग असू शकतो. मूल थोडा वेळ जरी बेशुद्ध पडले, पुन्हा पुन्हा उलटी करू लागले, डोकेदुखी वाढत गेली, बोलणे असंबद्ध झाले, झटका आला, एक हात किंवा पाय कमजोर झाला, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली किंवा उठवणे जड जाऊ लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि सोबत एक कागद न्यावा. त्यावर 'सुस्त आहे' असे न लिहिता असे लिहावे : '५.४० ला पडला. मिनिटभर हाकेला उत्तर नाही. ५.५० ला नाव व वर्ग बरोबर सांगितला. ६.१५ ला एक उलटी.' हा कागद हाती पडला तर निवासी डॉक्टरला आलेखाचे पहिले बिंदू तयार मिळतात.

ही सवय वर्गातही लावता येईल. विद्यार्थ्यांचे दोन गट करा. एखाद्या मेणबत्तीचे किंवा कुंडीतल्या रोपाचे वर्णन दोघांनी वेगवेगळे लिहावे. 'छान', 'मोठे', 'कोमेजलेले' असे शब्द वर्ज्य. मग कागद अदलाबदल करून एकमेकांचे वर्णन ताडून पाहावे. पाहिले काय आणि ठरवले काय, यांतली रेघ मुलांना दिसू लागेल. त्या मुलांपैकी एखादी पुढे डॉक्टर होईल, आणि एखाद्या रात्री नऊ वाजता कोणीतरी तिला सांगेल की चार नंबर जरा सुस्त वाटतोय. ती "बरं" म्हणून बसून न राहता टॉर्च घेऊन उठेल.